६.७ पॉवरस्ट्रोकचा सीपी४ पंप गेला तर वॉरंटी मिळते का?

ह्यूस्टनकर:
२०२२ ची फोर्ड एफ-२५०, ६.७ लिटर पॉवरस्ट्रोक, सेकंड-हँड बघतोय. १२,००० पौंडांचा ट्रेलर ओढायचा आहे. डिझेल इंजिनाची ५ वर्षं किंवा १ लाख मैलांची वॉरंटी अजून थोडी शिल्लक आहे. पण डिझेल प्रचंड दाबाने इंजिनात पाठवणारा हाय-प्रेशर पंप (सीपी४) गेला की ‘डिझेल खराब होतं’ म्हणून क्लेम नाकारतात, असं सारखं वाचायला मिळतं. नक्की काय बिघडतं? आणि ट्यून (ताकद वाढवायला इंजिनाच्या संगणकात बाहेरचा प्रोग्राम) टाकला तर?

रेलप्रेशर:
बॉशच्या सीपी४.२ पंपाला इंजिन ऑइल मिळत नाही, त्याचं वंगण म्हणजे डिझेलच. कॅमवर रोलर फिरतो आणि तो रोलर टॅपेटमध्ये (पिस्टनला ढकलणाऱ्या भागात) बसलेला असतो. डिझेलमध्ये पाणी किंवा हवा आली, किंवा वंगण कमी पडलं, की रोलर फिरायचा थांबून घासायला लागतो. कधी टॅपेटच आडवा वळतो आणि रोलर कॅम खरवडतो. कॅमभोवतीचं डिझेलच पुढे पंपाच्या पिस्टनकडे जात असल्यामुळे लोखंडाचा कीस रेल (इंजेक्टरांना डिझेल पुरवणारी नळी), इंजेक्टर आणि परतीच्या नळीतून थेट टाकीपर्यंत पोचतो. म्हणून एकटा पंप बदलून भागत नाही, सगळी इंधन यंत्रणा बदलावी लागते. खर्च १०,००० डॉलरच्या आसपास.

अमेरिकेतल्या डिझेलच्या मानकात वंगणाच्या चाचणीत पडणारा झिजेचा डाग (जितका मोठा, तितकं वंगण कमी) ५२० मायक्रॉनपर्यंत चालतो, युरोपात ४६०. हा फरक छोटा नाही. २ टक्के बायोडिझेलनेही वंगण चांगलं सुधारतं.

फ्रेमखालच्या फिल्टरमधलं पाणी दर महिन्याला काढा, स्वच्छ काचेच्या बाटलीत. तळाशी चकाकणारी करडी पूड दिसली तर गाडी सुरूच करू नका. दोन्ही फिल्टर (हा आणि इंजिनावरचा) १५,००० मैलांना बदला. बदलल्यावर स्टार्टर न मारता चावी ३० सेकंद ऑन, मग ऑफ, असं सहा वेळा. हे टाळलं की पंप कोरडा फिरतो. घाईत नेमकं हेच राहून जातं.

कागदपत्र_पक्के:
पंप आणि इंजेक्टर त्या वॉरंटीत येतात. पाणी, चुकून डिझेलच्या टाकीत गेलेलं डीईएफ (धूर स्वच्छ करायचं युरियाचं द्रावण), भेसळ यांचं नुकसान येत नाही. सगळा वाद इथेच होतो. डिझेलची प्रत्येक पावती आणि फिल्टरची बिलं जपा. क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा, आणि टाकी रिकामी करण्याआधी तुमच्यासमोर नमुना काढून घ्या. स्वतंत्र लॅबमध्ये पाण्याचं प्रमाण आणि वंगणक्षमता, दोन्ही तपासा. जुने भाग टाकू देऊ नका.

१९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार नुसता बाहेरचा फिल्टर लावला म्हणून वॉरंटी रद्द होत नाही. त्याच भागामुळे बिघाड झाला हे कंपनीने दाखवायला हवं. ट्यूनच्या बाबतीत ते दाखवणं त्यांना फार सोपं जातं. मूळ प्रोग्राम परत टाकला तरी संगणकात नोंदी उरू शकतात. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काढणं तर क्लीन एअर ॲक्टखाली बेकायदा आहे.

ह्यूस्टनकर:
पंपातला कीस इंजेक्टरकडे जाऊ न देणारं बायपास किट आत्ताच लावू का?

रेलप्रेशर:
लावा. पंप वाचणार नाही, पण कीस टाकीकडे वळतो आणि इंजेक्टर वाचतात.

कागदपत्र_पक्के:
मी म्हणेन, वॉरंटी संपेपर्यंत थांबा. इंधनाच्या वाटेत बदल दिसला की नाकारायला आयतं निमित्त मिळतं. आणि वॉरंटी मॉडेलच्या वर्षापासून नाही, गाडी पहिल्यांदा विकली गेली त्या तारखेपासून मोजतात. व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) देऊन ती तारीख डीलरकडून आधी काढून घ्या, मगच भाव ठरवा.