मदत हवी आहे: कॉपर आयोडाइडवरही झिंक थॅलोसायनिनचे रेणू उभेच का?

सौरघटासाठी आयटीओ (पारदर्शक, विद्युतवाहक ऑक्साइडचा लेप) काचेवर २ नॅनोमीटर कॉपर आयोडाइड आणि त्यावर ५० नॅनोमीटर झिंक थॅलोसायनिन (प्रकाश शोषणारं सेंद्रिय रंगद्रव्य, चपटे रेणू) बाष्पीभवनाने टाकतो. दोन्ही वेळा सबस्ट्रेट (ज्यावर थर बसतो ती काच) ९० अंश सेल्सिअसला असतो. रेणू आडवे पडायला हवेत, पण एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तन चाचणीत) उभ्या रेणूंचं ६.८ अंशांचं शिखर ठळक आहे. २५.५ ला आणि २७ च्या आसपासही मंद शिखरं दिसतात. आयोडाइड वाढवू, की त्याऐवजी पीटीसीडीए (रेणू आडवे पाडणारं दुसरं सेंद्रिय द्रव्य) घेऊ?

प्रतिसाद १
टेम्प्लेट (रेणूंची दिशा ठरवणारा खालचा थर, इथे आयोडाइड) बदलू नका, आधी तापमान उतरवा. कॉपर आयोडाइड आयटीओवर मुळातच सलग पसरत नाही आणि गरम सबस्ट्रेटवर त्याची बेटं आणखी सुटी होतात. बेटांवर रेणू आडवे आणि मधल्या उघड्या आयटीओवर उभे, असा मिश्र थर तयार होतो. आयोडाइड खोलीच्या तापमानाला, सेकंदाला ०.१ ते ०.२ अँगस्ट्रॉम वेगाने टाका आणि निर्वात न मोडता लगेच थॅलोसायनिन सुरू करा.

क्वार्ट्झ मॉनिटरमध्ये (थराची जाडी मोजणाऱ्या यंत्रात) घनता कोणती भरली आहे तेही बघा. आयोडाइडची साधारण ५.७ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर आहे. तिथे थॅलोसायनिनची १.६ राहून गेली असेल, तर पडद्यावर २ दिसताना प्रत्यक्षात जेमतेम ०.६ नॅनोमीटर पडतंय. मग बेटं राहणारच.

पीटीसीडीए रेणू छान आडवे पाडतो, पण त्याची होमो पातळी (इलेक्ट्रॉनांनी भरलेली सर्वात वरची ऊर्जापातळी) फार खोल असल्याने अॅनोडच्या बाजूला होल (धन प्रभारवाहक) अडतात. आयोडाइड स्वतः पी-प्रकारचं (होल वाहून नेणारं) आणि पारदर्शक, म्हणून इथे तेच बरं.

प्रतिसाद २
शिखरांच्या उंचीवरून उभ्या-आडव्यांचं प्रमाण काढू नका. ६.८ चं शिखर (प्रतलांमधलं अंतर १३ अँगस्ट्रॉम) मुळातच फार तीव्र असतं, त्यामुळे थोडे उभे रेणूही मोठे दिसतात. आडव्या रचनेची शिखरं २६.५ ते २७.७ मध्ये येतात. २५.५ चं आयोडाइडच्याच स्फटिकातल्या १११ क्रमांकाच्या प्रतलांचं आहे, ते थॅलोसायनिनच्या खात्यात धरू नका. शोषण वर्णपट जास्त भरवशाचा: रेणू आडवे पडले की त्याच जाडीला ६०० ते ७५० नॅनोमीटरचा क्यू-पट्टा (थॅलोसायनिनचा लाल भागातला शोषणपट्टा) स्पष्ट वाढतो.

मूळ प्रश्नकर्ता
हाच थर ट्रान्झिस्टरला चालेल?

प्रतिसाद १
नाही. तिथे प्रवाह सबस्ट्रेटला समांतर वाहतो, म्हणून रेणू उभेच हवेत. आयोडाइड वगळा. सौरघटासाठी मात्र शटर सरकवत एकाच फेरीत ०.५, १, २, ३ आणि ५ नॅनोमीटरचे पट्टे करा, एएफएमखाली (अणुबल सूक्ष्मदर्शकाखाली) उघडी जागा कुठे बुजते ते कळेल.