जुनी फियाट, जुनी मारुती आठशे आणि रिकामा खिसा : तुमचे अनुभव लिहा

मंडळी, आमच्या बिल्डिंगखाली बाबांची ८८ची प्रीमियर पद्मिनी (म्हणजे फियाटच) आठ वर्षं ताडपत्रीखाली उभी आहे. मांजरीच्या तीन पिढ्या तिच्यात वाढल्या. गेल्या महिन्यात आईने सरळ विचारलं, भंगारवाल्याला बोलवू का? त्याच्या आत काहीतरी करायचंय. बजेट ओढूनताणून दीड लाख, तेही हप्त्याहप्त्याने. ज्यांनी जुनी गाडी कमी पैशात उभी केली त्यांनी लिहा, किती गेले, कुठे फसलात, काय बदललंत आणि काय बदलायला नको होतं. शोरूमसारख्या चकचकीत केलेल्या गाड्यांचे व्हिडिओ खूप बघून झाले, त्यांच्या लिंका नकोत.

कोल्हापूर, पद्मिनी १९८६

सगळ्यात आधी एक चुंबक घ्या. फ्रीजवरचं नको, जरा दमदार घ्या, फडक्यात गुंडाळा आणि दाराच्या खालच्या कडेवरून, मडगार्डच्या मागून फिरवा. जिथं धरत नाही तिथं पत्रा नाही, लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) आहे. मी हे न करता साठ हजारात "एकदम टकाटक" गाडी घेतली. डेंटरने ब्लोअर मारला तशी लांबीची बोटभर जाड वडी निघून हातात आली आणि तिच्यामागं कोंबलेला पेपर. वाचता येत होता हो, गुळाचे भाव होते त्यात! फ्लोअरचं तर विचारूच नका, मॅट उचललं की रस्ता. रंगासाठी काढून ठेवलेले बेचाळीस हजार सगळे पत्र्यात आणि वेल्डिंगमध्ये गेले, मग दीड वर्ष प्रायमरवरच फिरलो, गल्लीतली पोरं म्हणायची काकांची म्हैस आली. इंजिनाचं मात्र आमच्याकडं टेन्शन नाही. किंगपिनचे (पुढची चाकं ज्या खिळीवर वळतात तिचे) बुश कुठं मिळेनात तर उद्यमनगरात जुना बुश नमुन्याला नेला, टर्नरनं समोर उभं करून नवे काढून दिले, वर म्हणाला सुरुवातीला जड लागंल, ग्रीस मारत ऱ्हावा. स्टिअरिंग आधी अर्धं फिरवल्यावर चाकाला कळायचं, ते बंद झालं. पत्रा पहिला, मग ब्रेक, मग इंजिन. रंग सगळ्यात शेवटी, आणि ज्याला हे पटत नाही त्यानं माझ्या खर्चाची वही बघायला यावं.

(धागाकर्ता) पेपर!! उद्याच चुंबक आणतो.

पुणे, फियाट १९७२

थोडक्यात लिहितो. बॅटरी चार्ज करणारा जुना डायनॅमो काढून मारुती ८०० गाडीचा अल्टरनेटर बसवला. ब्रॅकेट करून घ्यावं लागतं आणि पट्टा सरळ रेषेत आला पाहिजे नैतर महिन्याला एक पट्टा. हेडलाइटला रिले टाकले, म्हणजे दिव्यांना करंट थेट बॅटरीतून. सामान नाना पेठेतलं, मजुरी धरून सात हजार. आधी रात्री सिग्नलला थांबलो की दिवे मेणबत्तीसारखे व्हायचे. बाकी काही बदललं नाही. पन्नास वर्षांवरच्या गाडीला विंटेज नोंदणी मिळते, २०२१ पासून, पण मूळ रचनेला हात लावलेला नको, म्हणून डायनॅमो फडक्यात बांधून माळ्यावर ठेवलाय.

नाशिक, पद्मिनी १९९१

बाबांच्या मागे गाडी माझ्याकडे आली. पहिल्याच मे महिन्यात कसारा घाट चढताना ती खोकली आणि बंद पडली, मी आपली स्टार्टर मारमारून बॅटरी पण उतरवली. मागून एक ट्रकवाले मामा उतरले, बॉनेट उघडायला लावलं, गळ्यातला पंचा पाण्यात भिजवून इंजिनाच्या कडेला असलेल्या पेट्रोलच्या पंपाला गुंडाळला आणि म्हणाले, "ताई, आता धा मिनिटं गप बसा." मग त्यांनीच धक्का मारला आणि झाली चालू! गरमीने पाइपातच पेट्रोलची वाफ होते, पंप बिचारा वाफच ओढत बसतो. तेव्हापासून गाडीत पाण्याची बाटली आणि सुती फडकं कायम. नंतर पेट्रोलचा पाइप सायलेन्सरपासून लांब घेतला, आणि सगळे रबरी पाइप बदलले कारण इथेनॉलवाल्या पेट्रोलने जुने लिबलिबीत झाले होते. हे मात्र टाळू नका, गळलं तर खाली गरम इंजिन आहे.

सगळे म्हणाले पुढचा सलग सोफा काढून बकेट सीट (दोन वेगळ्या खुर्च्या) टाक. नाही टाकली. त्या सोफ्यावर बाबांच्या शेजारी आम्ही दोघी बहिणी बसायचो. काथ्या बदलला, रेक्झिन आणलं आणि आईच्या शिलाई मशीनवर स्वतः शिवलं. चार सुया मोडल्या, शिवण किंचित तिरकी आहे, पण शिलाईचे आठ हजार वाचले.

ठाणे, मारुती ८००, १९९७

मी मूर्खपणा केला तो लिहितो. बारा इंची चाकं काढून तेरा इंची अलॉय आणि रुंद टायर. दिसायला कडक! मागे तीन जण बसले की टायर मडगार्डला घासायचा, प्रत्येक स्पीडब्रेकरला खर्र. मग स्टिअरिंग जड, मायलेज गेलं. आधीच बिचारी ७९६ सीसी. सहा महिन्यांनी पडेल भावात अलॉय विकले आणि जुनी चाकं भंगारवाल्याकडून परत विकत आणली, माझीच!

आणि कागद बघा आधी. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग, वर पर्यावरण कर. २०२२ च्या एप्रिलपासून पासिंगची फी सहाशेची पाच हजार झाली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना दहा हजार. माझ्या गाडीत आधीच्या मालकाने दुसरं इंजिन टाकलेलं, आरसीवर नोंद नाही, चार खेपा झाल्या.

मुंबई

आमची टॅक्सी होती, काळीपिवळी. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली तेव्हापासून पार्टची खरी बोंब आहे, आधी एक टॅक्सी भंगारात गेली की दहा गाड्या जगायच्या. गाडी बनली कुर्ल्यात आणि आता तिचेच पार्ट मी कुर्ल्याच्या भंगारात शोधत फिरतो. काच, बिडिंग (काचेभोवतीची रबरी पट्टी), हँडल दिसलं की घेऊन ठेवा, लागो न लागो. माझ्या पलंगाखाली तीन दारं आहेत, बायको बोलत नाही.

(धागाकर्ता) चुंबक फिरवलं. तीन दारं ठीक, चौथ्यावरून साबणासारखं घसरलं. मुंबईकर दादा, पलंगाखाली ड्रायव्हरच्या बाजूचं पुढचं आहे का? तिकोनी काचेसकट?

मुंबई

आहे. काचेला तडा आहे. रविवारी या, बायको माहेरी आहे.