जीन एक्स्प्रेशनला मराठीत काय म्हणायचं? 'जनुकीय अभिव्यक्ती' पुरतं का?

ओवी१२
मंडळी, एक शब्द हवाय, आणि नुसता कोशातला नकोय, माझ्या मावशीला आणि तिच्या मुलीला कळेल असा हवाय. मावशी ६३ वर्षांची, गेल्या महिन्यात स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, गाठ हार्मोन पॉझिटिव्ह, एचईआर-२ निगेटिव्ह, काखेतल्या गाठींमध्ये पसरलेलं नव्हतं. मग केमो द्यायची की नाही हे ठरवायला गाठीचा मेणातला ठोकळा २१ जनुकांच्या टेस्टसाठी पाठवला, स्कोअर (कॅन्सर परत येण्याचा धोका सांगणारा आकडा) १७ आला. सोबत एक मराठी माहितीपत्रक दिलं त्यावर मोठ्या अक्षरात 'जनुकीय अभिव्यक्ती चाचणी'. माझी मावसबहीण ते वाचून रात्रभर झोपली नाही, कारण तिच्या डोक्यात जनुकीय म्हणजे आनुवंशिक, म्हणजे आईच्या रक्तात ते आहे, म्हणजे आपल्यातही आलं आणि लेकीतही जाणार. सकाळी सहाला मला फोन. मी बायोटेक शिकलेली, मला नीट माहितीये की ही टेस्ट तसलं काही सांगतच नाही, गाठीत कुठली जनुकं किती चालू आहेत एवढंच सांगते, पण मराठीत सांगायला गेले तर माझ्याही तोंडून 'अगं जनुकीय नाही गं, जनुकांचं एक्स्प्रेशन' असंच काहीतरी निघालं आणि ती म्हणाली, 'ताई, तेच तर म्हणतेय मी'. तेव्हापासून हे डोक्यात बसलंय. अभिव्यक्ती म्हटलं की सामान्य माणसाला कविता आठवते नाहीतर राज्यघटनेतलं १९ वं कलम. दुसरा शब्द सुचवा प्लीज.

धातुपाठ
आधी अभिव्यक्तीची बाजू मांडतो, कारण शब्द वाईट नाहीये हो. अभि + वि + अञ्ज् हा धातू. अञ्ज् म्हणजे माखणं, लेप लावणं, आणि त्यावरूनच स्पष्ट करणं, उघड करणं. अंजन त्यातलंच, दिवाळीतलं अभ्यंगही त्यातलंच, ताटातलं व्यंजन त्यातलंच आणि व्यक्त-अव्यक्तही त्यातलंच. डोळ्यात अंजन घातलं की आधीपासून समोर असलेलंच दिसायला लागतं, नवीन काही येत नाही. सांख्यांकडे अव्यक्त आणि व्यक्त अशी जोडी आहे, कार्य कारणात आधीच असतं, फक्त व्यक्त होतं. जनुक पेशीत आहेच, ते व्यक्त झालं की नाही एवढाच प्रश्न, म्हणजे शब्द अगदी चपखल आहे. मूळ घोळ 'जनुकीय' या विशेषणाचा आहे असं मला वाटतं. 'जनुकीय दोष', 'जनुकीय आजार' ऐकून ऐकून त्याचा अर्थच आनुवंशिक असा होऊन बसलाय. 'जनुकीय अभिव्यक्ती'ऐवजी 'जनुकांची अभिव्यक्ती' लिहिलं तरी निम्मा घोळ मिटेल.

ओवी१२
+१, जनुकीय काढायचं हे पटलंच. अंजनाचं तर फारच आवडलं, माहीत नव्हतं. पण व्याकरण कितीही चपखल असलं तरी बहिणीला फोनवर सांख्य कसं सांगू? तिला एवढंच कळायला हवं की जनुक असणं वेगळं आणि जनुक चालू असणं वेगळं, आणि ही टेस्ट दुसऱ्याबद्दल बोलते.

पिपेटवाली
मी लॅबमध्ये आहे, आरएनएचंच काम, म्हणजे जनुक चालू झालं की पेशी त्याची जी प्रत काढते तिचं. आमच्यात मराठी मुलं सर्रास 'हा जीन लिव्हरमध्ये एक्स्प्रेसच होत नाही', 'अप झालाय', 'डाउन गेलाय' असंच बोलतात, आणि जीनचं अनेकवचन जीन्स केलं की नवीन मुलांना पँटच आठवते, त्यामुळे जनुक, ती जनुकं हे लिहायला तरी बरंच आहे.

ओवी, तुमच्या बहिणीसाठी मी शाळेतलं हजेरीपुस्तक वापरेन. पुस्तकात नावं सगळ्या पोरांची असतात, ते झालं डीएनए, आणि शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तेच पुस्तक. पण आज वर्गात हजर कोण ते वेगळं. यकृताच्या पेशीत वेगळी पोरं हजर, मेंदूच्या पेशीत वेगळी. आम्ही करतो ती प्रोफाइलिंग म्हणजे हजेरी घेणं, त्या पेशींची, त्या दिवसाची, त्या वेळेची. म्हणूनच आमच्या लॅबमध्ये नमुना काढला की लगेच गोठवायचा, बर्फ, ग्लोव्हज, उणे ८० चा फ्रीझर, कारण आरएनए इतका नाजूक की आपल्या बोटांवरच्या एन्झाइमनंही त्याचे तुकडे पडतात, आणि उशीर झाला तर पेशी मधल्या वेळात आपली हजेरीच बदलून टाकते. डीएनए त्या मानानं दणकट. मला तर हजेरीपट हा शब्द प्रोफाइलसाठी चालेल.

उपास हे दुसरं उदाहरण मी नेहमी देते. निरंकार उपास धरला (साबुदाणा खाऊन नव्हे, तो स्टार्चच आहे) की काही तासांत यकृतात पीसीके-१ नावाच्या जनुकाच्या आरएनए प्रती वाढायला लागतात, कारण आता साखर बाहेरून येत नाहीये तर घरात तयार करायची आहे. रात्री जेवलात, इन्सुलिन वाढलं, की तेच जनुक खाली येतं आणि ग्लुकोकायनेजचं (आलेली साखर वापरायला घेणारं एन्झाइम) वर जातं. जनुकं तीच, माणूस तोच, एकादशी ते द्वादशी यात हजेरी बदलली. आनुवंशिक काहीच बदललं नाही.

कोकणातला_बंड्या
लई भारी समजावलंत. एक बारकी शंका, मेटाबॉलिझमला चयापचय म्हणतात ते पचनाशी संबंधित का? आमच्याकडं अपचय म्हटलं की लोकांना अपचनच वाटतं.

धातुपाठ
नाही नाही. चय + अपचय. चय म्हणजे रचणं, साठवणं, अपचय म्हणजे मोडणं, उतरवणं. संधी झाला म्हणून चयापचय. हिंदीत उपापचय करून ठेवलाय, त्यात ही जोडी दिसतच नाही, आपला मराठी शब्द सरस आहे. आणि वरच्या उपासाच्या उदाहरणात दोन्ही एकदम चालू आहेत बघा, साठलेलं ग्लायकोजेन (साखरेचा यकृतातला साठा) मोडणं हा अपचय आणि नवीन ग्लुकोज रचणं हा चय.

भाषांतरकाम
मी आरोग्याची माहितीपत्रकं भाषांतर करते, बारा वर्षं झाली, ओवींचा अनुभव वाचून पोटात गोळा आला कारण असं पत्रक माझ्याही हातून गेलं असेल. आमच्याकडे तपासायला येणाऱ्या मशीनच्या भाषांतरात काय काय असतं सांगते. 'टू फोल्ड' चं 'दोन घड्या' केलेलं मी स्वतः दुरुस्त केलंय, अहो पट म्हणा, दुप्पट म्हणा, आपल्याकडे शब्द पडलेत. हीटमॅपचं, म्हणजे जनुकं किती वरखाली गेली ते दाखवणाऱ्या रंगीत कोष्टकाचं, 'उष्णता नकाशा', त्यात उष्णतेचा काही संबंध नाही, लाल म्हणजे वर गेलेलं, हिरवं किंवा निळं म्हणजे खाली गेलेलं. आणि 'हाउसकीपिंग जीन' चं 'घरकाम जनुक'! मी तिथं 'रोजच्या राबत्यातली जनुकं' लिहिलं, जी सगळ्याच पेशींना लागतात ती. संपादकांनी ठेवलं ते.

हजेरीपट गोड आहे पण मला एक अडचण दिसते. हजेरीत हजर नाहीतर गैरहजर, दोनच गोष्टी. इथं कमी-जास्त असतं ना? मग मी कामात 'उमटणं' वापरून बघितलंय. शिक्का मारला तर तो ठळक उमटतो किंवा पुसट उमटतो, आणि मुळात शिक्का बदललेला नसतो. 'या गाठीत हे जनुक ठळक उमटलंय', 'निरोगी पेशीत पुसट उमटतं'. आणि बऱ्याच जनुकांच्या ठळक-पुसटाच्या ठरावीक नमुन्याला सिग्नेचर म्हणतात त्याला सही नको, ठसा म्हणा, उमटतो तो ठसाच.

पिपेटवाली
उमटणं! हे खरंच चांगलंय, कारण आतमध्ये घडतं तेही प्रत काढणंच आहे, शाळेच्या पुस्तकात प्रतिलेखन म्हणतात तेच. ठळक-पुसट तर रोज लागेल.

रोजच्या राबत्यातल्या जनुकांबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. कुठलंही जनुक किती उमटलंय हे मोजताना आम्ही राबत्यातल्या जनुकाशी ताडून बघतो, म्हणजे एका नळीत आरएनए जास्त पडला, दुसरीत कमी, तरी फसगत होत नाही. ओवींच्या मावशीच्या २१ मध्येही १६ कॅन्सरशी संबंधित आणि ५ अशी ताडून बघायची आहेत. त्या पाचात एक गॅपडीएच आहे, सगळ्यांचं लाडकं. पण ते मुळात ग्लुकोज मोडणाऱ्या साखळीतलं एन्झाइम बनवणारं जनुक. डायबेटिसवर काम करताना, पेशींना इन्सुलिन दिलं की हे स्वतःच वर जाऊ शकतं, मग ज्या काट्यानं वजन करायचं तो काटाच हलला. माझे पहिल्या वर्षाचे तीन महिने यात गेलेत, सगळी जनुकं 'डाउन' दिसत होती आणि मी खूश, शेवटी सरांनी विचारलं काटा कुठला वापरलास. म्हणून राबत्यातलं म्हणा पण 'स्थिर' म्हणू नका, कुठल्या कामासाठी स्थिर ते दरवेळी तपासावं लागतं, एकावर न थांबता तीनचार घ्यावी लागतात.

कोकणातला_बंड्या
मग एकेक जनुक बघायचं सोडून सगळी एकदम बघायची ही भानगड कधी सुरू झाली? आणि त्यातून रोगाबद्दल नक्की काय कळतं जे एरवी कळत नाही?

पिपेटवाली
१९९५ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी काचेच्या पट्टीवर जनुकांचे ठिपके मारून ४५ जनुकं एकत्र मोजली, मोहरीच्या नात्यातल्या एका छोट्या रोपाची. दोनच वर्षांत, १९९७ ला, तिथेच डीरिसी, विश्वनाथ अय्यर आणि ब्राउन यांनी यीस्टची जवळजवळ सगळी, म्हणजे ६ हजारांवर जनुकं एकदम बघितली, आणि विषय चयापचयच होता. यीस्टला साखर दिली की ते आंबवून अल्कोहोल करतं, साखर संपली की स्वतःच केलेलं अल्कोहोल जाळायला लागतं. त्या एका वळणावर सातशेच्या आसपास जनुकं दुपटीहून वर गेली आणि हजारभर तितकीच खाली. अख्खं घर आवरून दुसरीकडे बिऱ्हाड मांडावं तसं. आता काचपट्टी मागे पडली, आरएनए सरळ वाचूनच मोजतात, पण प्रश्न तोच, कोण किती उमटलंय.

रोगाचं विचारलंत तर २००० चं लिम्फोमाचं काम बघा. डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा, पांढऱ्या पेशींचा एक कॅन्सर, मायक्रोस्कोपखाली एकच आजार दिसतो, पण जनुकांचे ठसे घेतल्यावर दोन सरळ गट पडले, आणि एका गटातले पेशंट दुसऱ्यापेक्षा जास्त काळ जगलेले होते. डोळ्याला एक दिसणारं दोन निघालं.

आणि मला सगळ्यात जवळचं वाटतं ते २००३ चं डायबेटिसचं काम, वंशी मूथा आणि बरेच जण. स्वीडनमधल्या ४३ पुरुषांच्या मांडीच्या स्नायूचे तुकडे घेतले, काही निरोगी, काही काठावरचे, काही टाइप-२ चे. एकेक जनुक घेऊन बघितलं तर खात्रीनं बोट ठेवावं असं एकही सापडेना. मग त्यांनी जनुकांचे गट केले, आणि मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरात, ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणाऱ्या जनुकांचा एक गटच्या गट डायबेटिसवाल्यांत साधारण २० टक्क्यांनी पुसट निघाला. एकेक टाळकरी जरा हळू वाजवायला लागला तर कानाला कळत नाही, अख्खी दिंडी हळू झाली की कळतं. अर्थात हे कारण की परिणाम हे नुसत्या उमटण्यावरून ठरत नाही, हे आमच्या क्षेत्रातले लोकही विसरतात आणि मग पेपरात 'डायबेटिसचं जनुक सापडलं' अशी बातमी येते. सापडलेलं नसतं. पुसट झालेलं दिसलेलं असतं.

धातुपाठ
दिंडीवरून प्रोफाइलसाठी सुचलं, उमटपट?

भाषांतरकाम
उमटपट कानाला खटकतो हो, लोक टायपो समजतील. प्रोफाइल हा शब्द लिपिड प्रोफाइलमुळे घराघरात गेलाय, कोपऱ्यावरच्या पॅथॉलॉजी लॅबच्या पाटीवर असतो, तो तसाच राहू दे ना. 'जनुकांचं प्रोफाइल' म्हटलं की निदान एवढं तरी कळतं की बऱ्याच गोष्टी एकत्र मोजल्यात. शास्त्रीय लेखात जनुक-अभिव्यक्ती आलेख लिहा, काही हरकत नाही. पेशंटच्या हातात जाणाऱ्या कागदावर मात्र मी उमटणंच वापरणार. आणि आनुवंशिकतेचं वाक्य वेगळं, ठळक, पहिल्याच परिच्छेदात टाकणार, हे आजच ठरवलं.

ओवी१२
सगळ्यांचे मनापासून आभार, काल संध्याकाळी मावशीकडे जाऊन आले. हजेरीपुस्तकानं सुरुवात केली, मग उमटण्यावर आले, डब्यातला लाल शाईचा पॅड काढून एकच शिक्का कागदावर दोनदा मारला, एकदा दाबून, एकदा नुसता टेकवून. म्हटलं शिक्का आईकडून आलेला असतो, पण ही टेस्ट शिक्क्याची नाहीच, गाठीतल्या पेशींनी तो किती जोरात मारला त्याची आहे, आणि ती गाठ तर आता काढून टाकलीये. बहीण म्हणाली, 'मग माझा शिक्का कुठं तपासतात?' तिला सांगितलं की ती टेस्ट वेगळी, रक्ताची किंवा थुंकीची असते, बीआरसीए वगैरे आनुवंशिक कॅन्सरशी जोडलेल्या जनुकांसाठी, ती करायची का नाही हे घरातल्या इतर बायकांचा इतिहास बघून डॉक्टर सांगतील, आणि आईला कॅन्सर झालाय तर स्वतःची नियमित तपासणी तिनं करायचीच, त्याचा या १७ शी संबंध नाही. तिनं लगेच अपॉइंटमेंट घेतली.

मावशीचं म्हणणं वेगळंच, तिला केमो लागणार का एवढंच हवं होतं. डॉक्टरांनी केमो न देता हार्मोन रोखणाऱ्या गोळ्यांवर ठेवायचं म्हटलंय. २०१८ ला ज्या मोठ्या ट्रायलचा निकाल आला, १० हजारांवर बायका होत्या त्यात, तिच्यात ११ ते २५ स्कोअरवाल्या पन्नाशीपुढच्या बायकांना केमोनं जास्तीचा फायदा झाला नव्हता, ते मी तिला वाचून दाखवलं. तिनं तो शिक्क्यांचा कागद फ्रिजवर लावलाय, पुसटवाल्याच्या खाली पेननं 'उपास' आणि ठळकच्या खाली 'जेवण' असं लिहून. मी म्हटलं मावशी, पीसीके-१ ला हे बरोब्बर उलटं आहे गं. तर म्हणे, मग दुसऱ्या कागदावर नीट काढून दे.