मदत हवी आहे: खणाच्या चिमण्या उलटवताना शिवण उसवते

राघूमैना
भाऊबीजेला दहा दिवस राहिलेत आणि मी अडकलेय. फराळाच्या डब्यांवर बांधायला खणाच्या चिमण्या शिवतेय, एकूण २२. सुलट बाजू आत ठेवून शिवते, पोटाशी फट ठेवते, उलटवते, कापूस भरते. उलटवताना चोच आणि शेपटीपाशी शिवण उसवते. नऊ केल्या, त्यातल्या सहा वाया गेल्या. टीप बारीक केली, दोनदा मारली, तर जास्तच बिघडलं. लवकर सांगा प्लीज.

टीपकागद
चिमणी केवढी? मशीनवर की हाताने? सुई कितीची? शिवणीबाहेर किती कापड ठेवता? आणि ‘उसवते’ म्हणजे दोरा तुटतो, की कापडच टाक्यांतून निसटतं? दोन्हीचे उपाय वेगळे आहेत.

गोदाकाठ
चोचीच्या टोकावर एकदम वळू नका. टोकाला एक आडवा टाका घ्या, मग वळा. टोकाचं जादा कापड तिरकं छाटा, पण शिवणीला लागून नको. गोल भागावर छोटे काप द्या. आणि उलटवायला पेन्सिल वापरत असाल तर आधी बंद करा. विणायच्या सुईचं मागचं बोथट टोक घ्या.

वऱ्हाडी_ठेचा
फराळाच्या डब्यावर कापड कशाला? तेल लागतं. आम्ही डब्याला नुसती नाडाछडी बांधतो, सुंदर दिसते. चिवडा मात्र पूर्ण गार झाल्यावरच भरा, नाहीतर डब्यात वाफ धरून मऊ पडतो.

राघूमैना
दादा, चिमण्या झाकणाच्या वर दोरीला लटकतील, फराळाला लागणार नाहीत.
टीपकागद, तीन इंचांची आहे. साधं हाताने फिरवायचं मशीन. सुई होती तीच. कापड निसटतं, दोरा शाबूत राहतो.

बेळगावकरीण
मग खण उसवतोय, शिवण नाही. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या मागावरचा खण माझ्या माहेरी कायम असायचा. कापल्या कडेचे धागे फार लवकर सुटतात, त्यात तीन इंचांच्या चिमणीत वळणं सगळी तिरक्या कापडावर येतात. मागून फ्यूजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं अस्तर, चिकटवा, मग कापा. इस्त्री घासायची नाही, एकेका जागी दाबून धरायची. १४ नंबरची सुई असेल तर ११ लावा. शिवणीबाहेर पाव इंच ठेवाच. यापलीकडे काही लागत नाही, मी पन्नासेक तोरणं अशीच केलीत.

टीपकागद
थांबा, खण नवा आहे का?

राघूमैना
नाही. आजीच्या चोळ्या आहेत. सांगायचं राहिलं. ती गेल्या वर्षी गेली, ट्रंकेत सात चोळ्या निघाल्या. घरातल्या प्रत्येकाकडे तिचं काहीतरी जावं म्हणून चिमण्या. सगळ्यात जुनी चाळीसेक वर्षांची असेल. धुऊन घेतल्यात, आणि उलटवताना थोडं पाणी शिंपडते म्हणजे कापड मऊ पडतं.

टीपकागद
ताई, हे पहिल्याच ओळीत हवं होतं. पाणी आज, आत्ता बंद करा. खणात रेयॉन म्हणजे आर्ट सिल्क असेल, तर ओलं झाल्यावर ते खूप कमकुवत होतं आणि नेमकं त्याच वेळी तुम्ही ओढताय. वाया गेलेल्या तुकड्यातला एकेक धागा जाळून पाहा, आडवा आणि उभा वेगळा. कागदासारखा जळून मऊ राख झाली तर सुती किंवा रेयॉन, जळक्या केसांचा वास आला तर रेशीम, वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. बारीक टिपेने बिघडलं याचंही हेच कारण. विरलेल्या कापडात जितकी भोकं जास्त, तितकं ते त्याच रेषेवर फाटतं. टीप मोठी करा.

बेळगावकरीण
म्हणूनच फ्यूजिंग म्हणते.

जुनं_ते_सोनं
जुन्या खणाला फ्यूजिंग अजिबात नको. गोंद धाग्यांत बसला की परत निघत नाही, शिवाय इस्त्रीची उष्णता. मागून मलमल लावा, कच्च्या दोऱ्याने टाचा आणि दोन्ही मिळून एक कापड समजा.

बेळगावकरीण
चिमणी शिवायचीय, संग्रहालयात ठेवायची नाहीये. दहा दिवसांत २२ मलमल टाचत कोण बसणार?

जुनं_ते_सोनं
पुढच्या दिवाळीला कुणाची चिमणी सोलवटली तर परत चोळी कुठून आणणार? तेवढ्यासाठी दोन रात्री बसायला हरकत नाही. काखेखालचं कापड घेऊ नका, घामाने तेच आधी कुजतं. पाठीचं घ्या. आणि उलटवताच कशाला? उलट्या बाजू आत ठेवा, कडेने काजटाका घाला, म्हणजे काजाला घालतो तसा कड झाकणारा टाका. ओढाताणच नाही.

गोदाकाठ
काजटाका पटला. चोच वेगळ्या फेल्टची करा, मधे खोचून शिवता येते.

शिवणवेडी
माझ्याही चिवड्याचे पोहे मऊ पडतात, उन्हात किती वेळ ठेवायचे?

राघूमैना
काल रात्री दोन केल्या. आकार साडेचार इंच घेतला, मागे मलमल, कडेने लाल काजटाका, चोच पिवळ्या फेल्टची. एकही फाटली नाही. धागे कागदासारखे जळले, दोन्ही बाजूंचे. पण आता पाठीचं चांगलं कापड मोजलं तर १४ चिमण्यांनाच पुरतंय. आठ उरतात.

जुनं_ते_सोनं
उरलेल्यांचं अंग साध्या खादीचं करा, खणाचा फक्त पंख. बाह्यांचे काठ वाया गेले नसतील तर तेच पुरतील.

राघूमैना
काठ चांगले आहेत! आठ जणांना काठाचे पंख. आत्याची चिमणी मात्र पूर्ण हिरव्या खणाची करते, ती चोळी तिनेच आजीला शिवून दिली होती. आज मलमल आणते.