मदत हवी आहे : रासायनिक रोध आणि स्पर्धा वेगळी कशी ओळखावी?

नमस्कार. मुळांतून किंवा कुजणाऱ्या पानांतून रसायने सोडून वनस्पती शेजारच्या रोपांवर परिणाम करतात, या प्रक्रियेला वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश यांनी १९३७ मध्ये ‘ॲलेलोपॅथी’ हे नाव दिले. काळ्या अक्रोडातील जुग्लोन आणि ज्वारीच्या मूलरोमांतून पाझरणारे सॉर्गोलिओन ही तिची परिचित उदाहरणे आहेत.

गाजर गवताची वाळलेली पाने पाण्यात भिजवून गाळलेला अर्क मी बशीतील मुळ्याच्या बियांना दिला, तेव्हा साध्या पाण्यातील अंकुरांची मुळे पांढरी व लांब निघाली, तर अर्कातील मुळे आखूड राहून टोकाशी तपकिरी पडली. परंतु विरघळलेल्या क्षारांमुळे वाढलेला परासरण दाबही (ज्यामुळे बियांना पाणी शोषणे कठीण जाते) उगवण रोखू शकतो, त्यामुळे एवढ्यावरून निष्कर्ष काढणे मला घाईचे वाटते. शिवाय मातीतील सूक्ष्मजीव ही रसायने मोडतात, म्हणजे बशीत दिसलेला परिणाम कुंडीत टिकेलच असे नाही.

कुंडीत सक्रिय कोळसा मिसळल्यास तो सेंद्रिय रसायने शोषतो, मात्र त्याने पोषकद्रव्यांची उपलब्धताही बदलते. मग पाणी, प्रकाश आणि नत्रासाठीची स्पर्धा वगळून केवळ रासायनिक परिणाम मोजायचा असेल, तर तुलनेच्या कुंड्या नेमक्या कशा ठेवाव्यात? असा प्रयोग प्रत्यक्ष केलेल्यांनी कृपया सविस्तर सांगावे.