गुरुवारी वानखेडेवर ईशान येतोय: टाळ्या, हुर्यो, की गप्प बसायचं?

डोंबिवलीकरीण (१४ एप्रिल २०२५)

गुरुवारच्या मुंबई-हैदराबाद आयपीएल मॅचची दोन तिकिटं हाताला लागली आहेत. नॉर्थ स्टँड. मी आणि माझा भाचा. त्याला आता तेरावं लागलंय. प्रश्न त्याचा आहे, मी फक्त इथे आणून टाकतेय.

त्याच्याकडे मुंबईची निळी जर्सी आहे, पाठीवर ईशान किशनचं नाव. घेताना वाढत्या अंगाची घेतली होती, ती आत्ता कुठे नीट बसायला लागली आणि ईशान हैदराबादला गेला. "मावशी, हीच घालून येऊ का? आणि तो बॅटिंगला आला की टाळ्या वाजवायच्या की ओरडायचं?" मी म्हटलं, बघू. मावशी 'बघू' म्हणाली म्हणजे तिच्याकडे उत्तर नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

उत्तर कुठून असणार? गेल्या वर्षी १ एप्रिलला मी त्याच स्टँडमध्ये होते. हार्दिक पंड्या मुंबईचा कॅप्टन म्हणून वानखेडेवर पहिल्यांदा उतरला, ती राजस्थानविरुद्धची मॅच. आदल्या रात्री इयर एन्डिंगमुळे उशिरापर्यंत बँकेच्या शाखेत होते, डोळ्यांवर झोप होती, तरी गेले. टॉसला त्याचं नाव पुकारलं आणि हुर्यो सुरू झाली. टॉस घेणाऱ्या संजय मांजरेकरने माइकवरून नीट वागायला सांगितलं, तर ती आणखी वाढली. त्या वाढलेल्या आवाजात माझाही आवाज होता. चपला काढून सीटवर उभी राहून, दोन्ही तळवे तोंडाशी धरून. वय वर्षं बेचाळीस.

दुसऱ्या दिवशी घसा बसलेला. काउंटरवर पहिलेच गृहस्थ आले ते मिनिमम बॅलन्सचा दंड कापला म्हणून तोंड सोडत. नियम वरच्यांनी केलेला, दंड सिस्टीमने कापलेला, मी फक्त खिडकीशी बसलेली. पण त्यांना हेड ऑफिस कुठे दिसत होतं? मी दिसत होते. ऐकता ऐकता मला एकदम घाम फुटला. काल मी दुसरं काय केलं होतं?

माझा राग रोहित शर्माला कॅप्टनपदावरून काढल्याचा होता. पाच ट्रॉफ्या मिळवून देणाऱ्या माणसाला डिसेंबरात एका निवेदनात बाजूला केलं. निर्णय मालकांचा. मालकांना हुर्यो उडवायची सोय नसते, मग वड्याचं तेल वांग्यावर. आणि त्या रात्री आमचं कंबरडं मोडलं कोणी, तर ट्रेंट बोल्टने. तोही आपल्यालाच सोडून गेलेला, २०२० ची ट्रॉफी आपल्या जर्सीत जिंकलेला. रोहित पहिल्या चेंडूवर, नमन धीर पहिल्या चेंडूवर, थोड्या वेळाने ब्रेव्हिसही पहिल्याच चेंडूवर. मुंबई १२५. बोल्टला आमच्या आसपास एकानेही हुर्यो उडवली नाही. शेजारचा तर हळहळून म्हणाला, "आपला होता रे हा."

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. टी-२० वर्ल्ड कपची बार्बाडोसची फायनल, समोरच्यांना शेवटच्या ओव्हरला १६ धावा हव्या असताना चेंडू हार्दिकच्या हातात, आणि कप आपला. ४ जुलैला विजयाच्या मिरवणुकीला मरीन ड्राइव्हवर चेंगराचेंगरीत भिजत उभी होते आणि "हार्दिक, हार्दिक" ओरडत होते. तोच घसा. मला त्याची लाज वाटते की नाही, हेही मला नीट सांगता येत नाही.

ईशानचं प्रकरण तसं साधं आहे. कुणाची जागा घेतली नाही, कुणाला दुखावलं नाही. पण भाच्याचा जीव त्याच्यात अडकलाय तो २०२० पासून. लॉकडाऊन होता, दुबईत बंगळूरविरुद्ध २०२ चा पाठलाग, ईशान ९९ वर बाद झाला, मॅच टाय झाली, सुपर ओव्हरमध्ये आपण हरलो. पोरगा आठ वर्षांचा होता. रडत रडत झोपला, तेही माझ्या मांडीवर, पाय बधिर होईपर्यंत.

तर सांगा. जर्सी घालू द्यायची का? आणि तो आला की करायचं काय?

निळं_रक्त

ताई, एवढा विचार परीक्षेत केला असता तर आपण सगळे कलेक्टर झालो असतो. तिकिटाचे पैसे मोजलेत, ओरडा. समोरच्या टीमचा बॅट्समन आहे, त्याला टाळ्या कसल्या? गुजरातवाल्यांनी गेल्या वर्षी अहमदाबादमध्ये हार्दिकला सोडलं का? ट्रॉफी मिळवून दिली होती त्याने त्यांना, तरी पूर्ण स्टेडियम ओरडत होतं. आणि हार्दिक आधी आपल्याला सोडून गेलाच होता ना पैशांसाठी? ईशान तसा नाही, मान्य. पण म्हणून मी गुरुवारी हात जोडून उभा राहणार नाही.

जर्सी मात्र घालू नको म्हणा. नॉर्थ स्टँडमध्ये पोराला उगाच टोमणे ऐकावे लागतील.

खोताचीवाडीकर

निळं_रक्त, एक दुरुस्ती. २०२१ च्या शेवटी, लिलावाआधी मुंबईने चौघांना ठेवलं होतं: रोहित, बुमराह, सूर्या, पोलार्ड. हार्दिकला मोकळं केलं, मग गुजरातने उचललं. आपणच दार उघडायचं आणि वर 'पळाला' म्हणायचं, हे बरं आहे. ईशानचंही तेच. या वेळी पाच जण ठेवले, त्यात तो नव्हता. लिलावात हैदराबादने सव्वाअकरा कोटी दिले. त्याला कुणी विचारलं होतं, बाबा रे, कुठे जायचंय?

आता वानखेडेच्या हुर्योबद्दल. माझं सगळं आयुष्य त्या मैदानापासून पंधरा मिनिटांच्या चालीवर गेलं. मार्च २००६, इंग्लंडविरुद्धची टेस्ट. सचिन २१ चेंडूंत १ करून बाद झाला आणि परत येताना त्याला हुर्यो उडवली. कोणी? आपणच. मी तिथे होतो. मी ओरडलो नाही, पण शेजाऱ्याला 'गप बस' असंही म्हटलं नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये सचिनने खेळपट्टीला वाकून नमस्कार केला, तेव्हा त्याच गॅलरीत म्हातारे धाय मोकलून रडत होते. त्यातले किती जण दोन्ही वेळेला हजर होते, हे मी तोंडांवरून सांगू शकतो.

विराटचंही तसंच. २०१३ मध्ये याच मैदानावर त्याची एवढी हुर्यो उडवली की तो चिडून बोलला होता, आम्ही भारताकडूनही खेळतो हे विसरता का म्हणून. त्याच विराटने गेल्या वर्षी ११ एप्रिलला मैदानातून हात करून लोकांना गप्प केलं, हार्दिकसाठी. आमच्या रोहितनेही १ तारखेला सीमारेषेवरून तसाच हात केला होता. त्याचं ऐकलं का कुणी, ते ताईंना विचारा.

म्हणून ताई, त्या हुर्योचा फार अर्थ लावू नका. ती या मैदानाची जुनी खोड आहे. आईबहिणीवर जायचं नाही आणि हातातलं काही फेकायचं नाही, एवढं पोराला सांगा. बाकी गळा त्याचा.

डोंबिवलीकरीण

काका, रोहितने हात केला तेव्हा मी पाणी पीत होते, असं म्हणायची फार इच्छा आहे.

दक्षिणवासी

मूळचा सांगलीचा, गेली अकरा वर्षं बंगळूर. २ एप्रिलला इथल्या चिन्नास्वामी मैदानावर होतो. सिराज पहिल्यांदाच गुजरातच्या जर्सीत आलेला, सात वर्षं बंगळूरच्या टीममध्ये काढून. सुरुवातीला बरीच मंडळी टाळ्या वाजवत होती, माझ्या पुढच्या रांगेतल्या बाईंनी तर त्याच्यासाठी पाटी लिहून आणली होती. मग त्याने पडिक्कलचा त्रिफळा उडवला. सॉल्टने षटकार मारला, त्यालाही त्याने बोल्ड केलं. १९ धावांत ३ बळी. पाटी कधी खाली गेली ते कळलंही नाही.

आणि आठवड्याभरात इथलाच के. एल. राहुल. नाबाद ९३, मॅच संपवली, बॅटने जमिनीवर गोल काढला आणि बॅट आत रोवली, हे माझं म्हणून. दिल्लीकडून खेळताना! माझ्या मागचे दोन कॉलेजकुमार आधी शिव्या घालत होते, मग एक म्हणाला, चूक काय बोलला, त्याचंच तर आहे. मी कन्नड अर्धवट समजतो, पण हे समजलं.

माझं मत विचाराल तर टाळ्या आधीच वाजवून घ्या. तो क्रीजवर पोहोचेपर्यंतचा मिनिटभर आपला. पहिला चेंडू पडला की तो हैदराबादचा.

संत्रानगरी

बाप्पा, तुम्ही मुंबईकर 'सोडून गेला' म्हणता, तेव्हा कुठेतरी कुणीतरी 'आला' म्हणत असतं, हे लक्षातच नाही येत तुमच्या. वासिम जाफर मुंबईने नको म्हटल्यासारखा आमच्याकडे विदर्भात आला. त्याच्या वयावरून तेव्हा किती बोलले होते लोक! चंदू पंडित कोच, तेही मुंबईचेच. २०१७-१८ ला इंदूरमध्ये दिल्लीला हरवून विदर्भाने पहिल्यांदा रणजी जिंकली. पुढच्या वर्षी पुन्हा. त्या दुसऱ्या मोसमात चाळिशीतल्या जाफरने हजारावर धावा काढल्या, आणि मुंबई नागपुरात आली तेव्हा तिला डावाने हरवलं त्यात शतकही ठोकलं. मी सुट्टी टाकून गेलो होतो. गर्दी म्हणाल तर मोजून दोन-तीनशे लोक, हुर्यो उडवणार कोण आणि ऐकणार कोण! शतक झालं तेव्हा मुंबईच्या पोरांनीही टाळ्या वाजवल्याचं मला आठवते. त्यांच्यातल्या अर्ध्यांनी लहानपणी त्यालाच पाहून बॅट धरली असेल.

या एप्रिलात यशस्वी जयस्वालनेही मुंबई सोडून गोव्याकडून खेळायची परवानगी मागितली. मुंबईत उसासे, पणजीत पेढे. तुमच्या भाच्याला जर्सी घालू द्या. घामाने भिजलेली जर्सी बदलून काय होते?

निळं_रक्त

जाफर आणि आयपीएलची तुलना नको. रणजीत कोणी मालक नसतो.

संत्रानगरी

म्हणूनच केली.

डोंबिवलीकरीण (१८ एप्रिल)

सगळ्यांचे आभार. झालं ते सांगते, कारण तुमच्यापैकी कुणाचाच सल्ला वापरता आला नाही.

जर्सी घातली. दादरला गाडी बदलताना एकाने पाठ वाचून "अरे, हा गेला ना?" म्हटलं, पोरगा म्हणाला, "जर्सी नाही गेली." घरून ठरवून आला होता बहुतेक.

ईशान तिसऱ्या नंबरवर येणार हे ठाऊक होतं, म्हणून आम्ही पहिल्या विकेटची वाट बघत बसलो. दक्षिणवासी म्हणाले तसं, तो मिनिटभर आपला. अभिषेक शर्मा ४० वर गेला. बोलर कोण? हार्दिक. अख्खा नॉर्थ स्टँड उभा. तेच लोक, तीच सीटं, "हार्दिक, हार्दिक", कानठळ्या बसल्या. आणि त्या गदारोळात ईशान चालत आला. भाचा खुर्चीवर उभा राहून टाळ्या वाजवत होता, पण त्या टाळ्या कुणासाठी आहेत हे त्याच्या शेजारच्यालाही कळलं नसतं. शेजारच्याने तर हार्दिकची विकेट म्हणून त्याला कडकडून मिठी मारली.

बरं, नंतर वाजवू म्हटलं, तर ईशान २ धावांवर पुढे सरसावला आणि आपल्या जॅक्सच्या चेंडूवर विकेटकीपर रिकल्टनने यष्ट्या उडवल्या. भाचा किंचाळून उडाला. विकेट होती ना! उडाला, खाली बसला, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "मावशी, मी आत्ता ओरडलो का?"

मी म्हटलं, हो. मीपण.

तोवर ईशान सीमारेषेजवळ पोहोचला होता. तेव्हा मात्र आम्ही दोघांनी वाजवल्या, उशिरा आणि थोड्याशाच. पुढे बोल्टनेही एक विकेट काढली, या वर्षी तो परत आपल्याकडे आहे, त्याला कुणी 'कुठे होतास' असं विचारलं नाही. रोहितने तीन षटकार मारले. चार विकेट राखून जिंकलो. घरी पोहोचायला दीड वाजला, बहिणीच्या शिव्या खाल्ल्या.

ता. क. गर्दीत ओढाताण होऊन जर्सीच्या पाठीवरचं नावाचं शेवटचं अक्षर सुटायला लागलंय. उलटी करून, वर सुती कापड ठेवून इस्त्री फिरवली तर चिकटेल का? कुणी केलंय का असं?