मदत हवी आहे: एकच नायक असलेल्या मराठी रहस्यकथा सुचवा

नमस्कार मंडळी. आम्ही ठाण्यात, नौपाड्यात राहतो. सासऱ्यांना बाबूराव अर्नाळकरांचं भारी वेड. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना पुन्हा रहस्यकथा वाचायच्यात, पण सुट्या नकोत. "माणूस ओळखीचा पाहिजे," म्हणतात. अर्नाळकरांचा नायक झुंजार आला की विजया येणार, त्यांच्याच दुसऱ्या नायकाबरोबर, धनंजयबरोबर, छोटू असणार. गुन्हेगार तेवढा दरवेळी नवा. झुंजार मरत नाही हे ठाऊक असूनही मारामारीचं पान आलं की चहा गार होतो!

मुलगा ली चाइल्डचा जॅक रीचर वाचतो. लष्करी पोलिसातला माजी मेजर. घर नाही, बॅग नाही, खिशात घडीचा टूथब्रश. (मला तो जरा अतीच वाटतो.) आजोबा म्हणाले, "असा कुणी मराठीत आणा."

तर गेल्या दहा-पंधरा वर्षांतली, एकच नायक पुन्हा पुन्हा येणारी मराठी मालिका कोणती? अनुवाद नको, टाइप ठसठशीत हवा. पहिल्या भागापासूनच वाचावी लागते का, तेही सांगा. मराठी ग्रंथसंग्रहालयात विचारणारच आहे. जुने अर्नाळकर विकत मिळतील असं ठाणे-वाशीकडे एखादं दुकान माहीत आहे का कुणाला?